सहाशे बाराव्या कागदाची कड

बायडाबाईबद्दल त्र्यंबक सबनिसाला फार थोडं माहीत होतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. तिचं आडनाव त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. नवरा वारला होता की सोडून गेला होता, हे त्यानं विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. ती उचगावची, शिळा छापखान्यात धोंडे घासायची, आणि तिचा आवाज गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायचा, एवढं नक्की. ग्रंथालयाच्या देणगी-रजिस्टरात ‘बायडाबाई, मु. उचगाव’ एवढीच तिची नोंद आहे. शेजारी अंगठा. तो अंगठाही नुसता काळा ठिपका आहे. वीस वर्षं ओली वाळू घासून बोटांवरच्या रेघाच गेल्या होत्या, उमटणार काय?

पुष्कळ वर्षांनी विद्यासंचय संशोधन ग्रंथालयाचा सुवर्णमहोत्सवी अंक निघाला. त्यात चित्रमुद्रण संग्रहावर पाच पानं आहेत. कपाटं कुठल्या लाकडाची, उद्घाटनाला मुंबईहून कोण आलं, हार कुणी घातला, सगळं आहे. बायडाबाई नाही. त्र्यंबकनं ती पानं दोनदा वाचली आणि दोन्ही वेळा चष्मा काढून टेबलावर आपटला. दुसऱ्या वेळी काच फुटली. म्हणून ही हकिकत.

ग्रंथालय संस्थानी काळातलं. शुक्रवार पेठेतल्या एका जुन्या पागेच्या माडीवर सहा कपाटं, त्यात बखरी, गॅझेटं आणि ताम्रपटांची भाषांतरं. खाली पूर्वी घोडे बांधत. पावसाळ्यात त्यांचा वास अजून वर यायचा. एकोणपन्नास साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, दरबारचा आधार तुटला, आणि चिटणीस नृसिंहराव मुरगूडकरांना घोर लागला. मुंबईच्या सरकारनं ओळख ठेवावी असं काहीतरी आपल्याकडं हवं. पुस्तकं काय, सगळ्यांकडं असतात. त्यांच्या डोक्यात आलं, कोल्हापूर म्हणजे चितारींचं गाव. इथं छापलेली चित्रं, मालाची लेबलं, कुस्त्यांची आणि नाटक-सिनेमांची जाहिरातपत्रं गोळा करावीत, अभ्यासकांसाठी ठेवावीत. ‘चित्रमुद्रण संग्रह’ हे नाव त्यांचंच. कल्पना चांगली होती, हे त्र्यंबक आजही मान्य करतो. नृसिंहराव मूर्ख नव्हते. मूर्ख असते तर त्याचा राग इतकी वर्षं टिकला नसता.

गोळा करायचं काम त्र्यंबककडं आलं. कागदोपत्री तो साहाय्यक ग्रंथपाल, प्रत्यक्षात कारकून. वय सव्वीस, आवाज इतका बारीक की वाचक त्याला दोनदा विचारायचे. शहरातला मोठा शिळा छापखाना म्हणजे रंगनिधी. तो अठ्ठेचाळीस साली गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत गेला. मालक पुण्याला निघून गेले. छापलेला माल, नमुन्यांच्या वह्या, सगळ्याची राख झाली. शिळा तेवढ्या उरल्या, त्या लोकांनी धुणं धुवायला नेल्या. त्र्यंबक महिनाभर सायकलवरून रिकाम्या हातानं फिरला. शेवटी छापखान्यातल्या एका जुन्या माणसानं सांगितलं, “उचगावात धोंडेवाली बायडाबाई हाय. तिच्याकडं कायतरी कागदं हाईत म्हनं.”

तो गेला तेव्हा ती दारात शेंगा फोडत बसली होती. त्यानं आपण कोण, कुठून आलो, हे सांगितलं.

“काय पुटपुटतासा पावणं? मोठ्यानं बोला की. घरात कोन झोपल्यालं न्हाय.”

त्यानं पुन्हा सांगितलं.

“कागद व्हय? हाईत की. कणगीत हाईत.”

आणि खरंच, जोंधळ्याच्या कणगीत, कडुलिंबाच्या पाल्याच्या थरांत, कागदांच्या गुंडाळ्या होत्या. एक उलगडली तर आत तालमीची जाहिरात. दुसरी उलगडली तर विड्यांच्या कट्ट्याचं लेबल. तिसरी, चौथी, दहावी. रंगनिधीत वीस वर्षांत जे जे छापलं गेलं ते ते, फिकट, कुठं डागाळलेलं, पण होतं.

शिळाछपाईत चित्रकार तेलकट शाईनं थेट दगडावर काढतो. त्या दगडावरून हवे तेवढे कागद छापून झाले, की दगड पुन्हा कोरा करावा लागतो, कारण दगड परदेशातून आलेला आणि मोलाचा. त्यावर ओली वाळू टाकायची, वर दुसरा दगड उपडा घालायचा आणि चित्र पार निघून जाईपर्यंत गोल गोल घासत राहायचं. बायडाबाई हे काम करायची. रंगनिधीतलं प्रत्येक चित्र शेवटी तिच्या हाताखाली येऊन पुसलं जायचं.

“मालक म्हनायचा, घासायच्या आधी एक कागद उठवून दाखीव, न्हायतर भलतीच शिळा घासशील. मशीन कोन देतंय मला? म्या रद्दीतला कागद घ्यायची, ओला करून धोंड्यावर घालायची आन वरनं करवंटी घासायची. उठायचं जरा जरा. त्यो बघायचा आन टाकून द्यायचा. टाकल्यालं मी घरला आणायची.”

“कशाला?” त्र्यंबकनं विचारलं.

तिनं त्याच्याकडं असं पाहिलं, की त्याला आपण काहीतरी घाण बोललो असं वाटलं.

“कशाला म्हंजे? पुसनार कोन? मी. मग पुसायच्या आधी बघून ठिवायला नगो?”

एक कागद मात्र कणगीत नव्हता. तो तिनं आतून आणला, लुगड्याच्या घडीतून. शिकेकाईच्या पुड्याचं लेबल, केस मोकळे सोडलेली बाई, खाली कारखान्याचं नाव. त्र्यंबकला त्यात विशेष दिसेना. तिनं बोट कडेला ठेवलं.

छापायचा कागद शिळेपेक्षा लहान असायचा. त्यामुळं शिळेच्या कडेला चितारी टाक तपासून बघायचे, रेघा ओढायचे, कुणाचं नाक, कुणाची पगडी काढायचे. ते छापात कधीच यायचं नाही. बायडाबाईचा कागद रद्दीतला, मोठा. त्यावर कडेचंही उठायचं. त्या शिकेकाईच्या कडेला चार बोटं उंचीची एक मुलगी उकिडवी बसली होती. हातात चिंच. आंबट लागलं की एक डोळा आपोआप मिटतो ना, तो मिटलेला. दुसरा थेट बघणाऱ्याकडं.

“ही माझी पोर. आण्णा चितारी जेवायच्या सुट्टीत काढत बसायचा कायबाय. ही तितंच खेळायची वाळूत.”

“आता कुठं असते?”

“न्हाय.”

ती शेंगा फोडायला लागली. मग आपणहून बोलली, आवाज तोच, मोठा. “तापानं गेली. सा वर्साची. चौदाव्या दिवशी कामावर गेलो तर ह्योच धोंडा घासायला काढल्याला. मालक म्हनाला, बायडा, आज मोकळा पायजे. एक कागद उठिवला. मग घासली की. माझ्याच हातानं घासली.”

त्र्यंबक काहीच बोलला नाही. आयुष्यभर त्यानं हेच केलं.

कणगीला वाळवी लागली होती. खालच्या दोन गुंडाळ्यांचा भुसा झाला होता, आणि शिकेकाईच्या कागदाचाही एक कोपरा कसरीनं खाल्ला होता. तुमच्याकडं कपाटं आहेत ना, मग न्या म्हणाली. हाही न्या. बदल्यात तिनं काही मागितलं नाही. फक्त दोन गोष्टी सांगितल्या.

“आईका. एक, कापायचं न्हाय. कडंला हात लावायचा न्हाय. आन दोन, दर बाजारादिवशी मला माझी पोर बघाया मिळाली पायजे.”

“हो,” त्र्यंबक म्हणाला.

“आं?”

“हो म्हटलं.”

रजिस्टरात देणगीदाराचं नाव, गाव, वस्तू, नग, तारीख असे रकाने होते. अटीचा रकाना नव्हता. त्र्यंबकनं अट लिहिली नाही. शेरा म्हणून लिहिता आली असती, पण शेऱ्याच्या रकान्यात नृसिंहराव स्वतः लिहायचे. त्यानं अकराशे त्रेचाळीस कागदांना पेन्सिलीनं नंबर घातले. शिकेकाईच्या कागदाचा नंबर आला सहाशे बारा.

चार वर्षं ती येत राहिली. रविवारी लक्ष्मीपुरीतला बाजार झाला की पाटी पागेच्या ओट्यावर टेकवायची, नळावर हात धुवायची, पदराला पुसायची आणि वर यायची. खुर्चीवर बसायची नाही. फरशीवर बसून कागद मांडीवर घ्यायची आणि बघायची. फार वेळ नाही. मग त्र्यंबकची चौकशी सुरू.

“काय तिंबकराव, लगीन ठरलं का न्हाय?”

“बघताहेत.”

“तुमी बोलता तवा पोरीला ऐकू येतं का? न्हायतर ती म्हनंल, मुका दाखिवला मला.”

वाचणारी माणसं हसायची. त्र्यंबकच्या कानाच्या पाळ्या तापायच्या. पण रविवारी दहा वाजले की तो खिडकीकडं बघायला लागायचा, हेही खरं.

चौपन्न साली मुंबईहून शिक्षण खात्याचे कुणी मोठे अधिकारी संग्रह बघायला येणार असं पत्र आलं. नृसिंहरावांनी सागवानी कपाट करून घेतलं, चोवीस खणांचं, पितळी कड्यांचं. कपाट सुंदरच झालं. फक्त माप घेताना सुताराला जो कागद नमुना म्हणून दिला होता, तो सगळ्यांत लहान निघाला. नमुना त्यांनी स्वतःच दिला होता. निम्म्याहून अधिक कागद खणात बसेनात. दोन-दोन, तीन-तीन बोटं बाहेर.

अधिकारी यायला नऊ दिवस होते. नृसिंहराव कपाटासमोर कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि मग म्हणाले, “कडा कापा. चित्राला धक्का लागणार नाही. ज्ञानूला बोलवा.”

“कडेला...” त्र्यंबक म्हणाला.

“काय?”

“कडेला काही चित्रं आहेत. म्हणजे चितारींनी काढलेली.”

“चितारींनी टाक पुसलेत हो सबनीस, त्याला चित्रं म्हणू नका. हे संशोधन ग्रंथालय आहे. स्वच्छ, एका मापाचं दिसलं पाहिजे.”

त्र्यंबक ‘बरं’ म्हणाला. अट होती, असं तो म्हणाला नाही. दुपारी त्यानं सहाशे बारा नंबरचा कागद काढून आपल्या टेबलाच्या खणात ठेवला. संध्याकाळपर्यंत त्याला धाकधूक लागली. उद्या नृसिंहराव नंबर ताडून बघतील, सहाशे बारा कुठं म्हणतील, आपल्या खणात सापडेल. त्यानं कागद परत गठ्ठ्यात ठेवला आणि ज्ञानू जिनगराला म्हणाला, “हा जरा सांभाळून काप.”

कापू नको, असं तो म्हणाला नाही. सांभाळून काप, म्हणाला.

ज्ञानू पिढीजात पुस्तकं बांधणारा. त्यानं सांभाळूनच कापला. एक सूत इकडंतिकडं नाही.

अधिकारी आले, कपाट बघितलं, पितळी कडी ओढून बघितली, चहा घेतला आणि गेले. ते खण उघडे होते तो सगळा वेळ पाच मिनिटांचा असेल.

पुढचे तीन रविवार त्र्यंबक खोटं बोलला. एकदा किल्ली चिटणिसांकडं आहे म्हणाला. एकदा कपाटाला पॉलिश केलंय, ओलं आहे म्हणाला. तिसऱ्यांदा तो माळ्यावर जाऊन बसला आणि शिपायानं नाही म्हणून सांगितलं. चौथ्या रविवारी ती हात न धुता वर आली, त्याच्या टेबलासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “काडा.”

त्यानं काढला. शिकेकाईची बाई होती, केस मोकळे सोडून. चारी बाजूंनी सरळ रेघ. मुलगी नव्हती.

बायडाबाईनं कागद उलटा करून बघितला. पुन्हा सुलटा केला. मागं दुमडली असेल असं तिला वाटलं असावं.

“कुठाय?”

त्र्यंबक कपाटाचा उघडा खण लावायला लागला.

“तिंबकराव, मी काय इचारतोय? पोरगी कुठाय माझी?”

“खणात बसत नव्हता,” तो म्हणाला.

“कोन बसत नव्हता?”

“कागद.”

मग ती जे बोलली ते सगळं इथं लिहिता येत नाही. त्याच्या आईबापाचा उद्धार झाला, कपाटाचा झाला, ज्या झाडाचं सागवान त्याचाही झाला. वाचक पुस्तकं मिटून बसले. नृसिंहराव आतल्या खोलीतून आले.

“काय आरडाओरडा आहे? बाई, हे ग्रंथालय आहे. हळू बोलायचं.”

“हळू? ह्यो चार वर्सं हळू बोलतोय, म्हनून माझी पोर कापली तुमी! ह्येनं एकदा मोठ्यानं सांगितलं असतं तर?”

“कागद संस्थेचा आहे. तू दान दिलास. अंगठा आहे तुझा.”

“कडंला हात लावायचा न्हाय, म्हनून दिल्ता!”

नृसिंहरावांनी रजिस्टर मागवलं, पान काढलं आणि वाचून दाखवलं. नाव, गाव, नग. “अट कुठं आहे? सबनीस, अशी काही अट होती?”

ती त्र्यंबककडं वळली. एक शब्द पुरला असता.

“लेखी... नव्हती,” त्र्यंबक म्हणाला.

“तोंडी व्हती का न्हवती?”

तो गप्प राहिला. आज इतक्या वर्षांनीही त्याला स्वतःच्या श्रीमुखात भडकवावीशी वाटते, ती या जागी.

बायडाबाईनं आवाज खाली आणला. तिचा आवाज खाली आलेला त्यानं पहिल्यांदा ऐकला. “बरं. कापल्याल्या पट्ट्या कुठं हाईत, तेवढं सांगा.”

उत्तर ज्ञानूनं दिलं. तो कोपऱ्यात शिवण घालत बसला होता आणि बिचारा खरोखर अभिमानानं बोलला. “फुकट न्हाई घालवलं बाई. जुना कागद, चिवट. त्या महिन्यात बांधल्याल्या पुस्तकांच्या पाठीला चिकटवला आतनं. शंभर वर्सं हलायची न्हाईत.”

मग तिनं कमरेचा विळा काढला, टेबलावरचं पहिलं जाडजूड पुस्तक ओढलं आणि त्याच्या पाठीत घातला. कापड टराटरा फाटलं. आत पट्टी निघाली. तिच्यावर कुण्या पैलवानाची अर्धी मिशी होती. नृसिंहराव किंचाळले. शिपायानं तिचा हात धरला. तिला जिन्यावरून खाली काढलं, आणि पुन्हा पायरी चढलीस तर पोलिसात देईन असं नृसिंहरावांनी माडीवरून, चांगल्या मोठ्या आवाजात सांगितलं.

ओट्यावर तिची पाटी राहिली होती. त्र्यंबक ती घेऊन मागं धावला. तिनं पाटी घेतली, डोक्यावर ठेवली, आणि थुंकली. त्याच्या अंगावर नाही, शेजारी. त्याला वाटलं, अंगावर थुंकली असती तर बरं झालं असतं.

त्या रात्री तो भरलं ताट सोडून उठला. आईनं विचारलं, ताप आहे का. ताप नव्हता. पहिल्यांदा त्याला वाटलं भीती आहे. मग लक्षात आलं की राग आहे. नृसिंहरावांवर होता, सुतारावर होता, मुंबईच्या त्या पाच मिनिटांवर होता, आणि फिरून फिरून ‘सांभाळून काप’ या दोन शब्दांवर येत होता.

सोमवारी ग्रंथालय बंद. त्र्यंबककडं किल्ली असायची. सकाळी नऊला तो ज्ञानूच्या घरी गेला आणि म्हणाला, “चल. हत्यारं घे.”

“कशाला?”

“पाठी फाडायच्या आहेत.”

ज्ञानूनं त्याच्याकडं निरखून बघितलं. “सबनीसराव, माझं पोट हाय त्यावर.”

“तू फाडू नकोस. मी फाडतो. तू फक्त कुठल्या ते सांग.”

तीनशेच्या वर पुस्तकं होती. पण ज्ञानू कागद नंबरवारीनं कापत गेला होता आणि पट्ट्याही त्याच क्रमानं वापरत गेला होता. सहाशेच्या आसपास गॅझेटं चालू होती, एवढं त्याला आठवत होतं. माडीवर ऊन येत होतं. त्र्यंबकनं पहिलं गॅझेट उपडं घातलं, पाठीवर पातं ठेवलं, आणि त्याला ते रेटेना. ज्या हातानं त्यानं सात वर्षं या पुस्तकांची धूळ पुसली तो हात. ज्ञानू म्हणाला, “असं न्हाई, बिजागरीतनं घाला, पुठ्ठा दुमडतो तितनं.” मग गेलं.

पहिल्या पुस्तकात नुसत्या रेघा. दुसऱ्यात एक कान. पुढं पगडी, बैलाचं शिंग, कुणाचं तरी नाव गिरवलेलं. आण्णा चितारीनं आणि त्याच्या सोबत्यांनी वीस वर्षं जेवायच्या सुट्टीत जे जे काढलं होतं, ते सगळं सरकारी अहवालांच्या पाठीत उभं चिकटलेलं. चोवीस पुस्तकं झाली. तीस झाली. त्र्यंबकच्या बोटाला पातं लागलं, त्यानं रुमाल गुंडाळला. ज्ञानू आधी दाराकडं बघत बसला होता, मग तोही न बोलता एक-एक पुस्तक हातात द्यायला लागला.

सदतिसाव्या पुस्तकात एक डोळा त्याच्याकडं बघत होता. दुसरा मिटलेला.

ज्ञानूनं ओलं फडकं ठेवून, फुंकर घालत, नखानं पट्टी सोडवली. खळीत कसर लागू नये म्हणून मोरचूद घातलेलं असतं, त्याची निळसर झाक चेहऱ्यावर आली होती. पाठीच्या रुंदीत बसावी म्हणून पट्टी आणखी एकदा कापलेली होती. मुलगी दंडापर्यंत होती. चिंचेचा हात नव्हता. पुढची नऊ पुस्तकं फाडूनही तो मिळाला नाही.

त्र्यंबकनं फाडलेली पुस्तकं लपवली नाहीत. सगळी सेहेचाळीस नृसिंहरावांच्या टेबलावर रचून ठेवली. मग देणगी-रजिस्टर काढलं आणि शेऱ्याच्या रकान्यात, चिटणिसांच्या रकान्यात, शाईनं लिहिलं: ‘अट होती. कडा कापायच्या नाहीत. अट तोंडी होती व ती मी ऐकली. संस्थेनं ती मोडली.’ खाली पूर्ण सही केली. ते पान अजून आहे, असं म्हणतात. सुवर्णमहोत्सवी अंक लिहिणाऱ्यांनी ते उलटलं असेल की नाही, कोण जाणे.

मंगळवारी त्याला काढलं. नृसिंहराव ओरडले नाहीत, फक्त विचारलं, “एका अडाणी बाईसाठी?” त्र्यंबकला उत्तर सुचलं ते जिना उतरल्यावर. नेहमीसारखं.

पट्टी घेऊन तो उचगावला गेला. बायडाबाई म्हशीला पाणी पाजत होती. तिनं हात पुसले, पट्टी घेतली, उजेडाकडं धरली.

“चिंच कुठाय?”

“सापडली नाही. सेहेचाळीस पुस्तकं फाडली.”

“सत्तेचाळिसावं का न्हाय फाडलं?”

त्यानं नोकरी गेल्याचं सांगितलं. आता ती काहीतरी बरं बोलेल, अशी त्याला आशा होती. खोटं कशाला सांगा. ती म्हणाली, “जायाचीच. आता म्होरं दुसरीकडं कामाला लागशीला. तितंबी कोनतरी म्हनंल, कापा. मग काय म्हननार?”

“नको म्हणेन.”

“आं?”

“नको, कापू नका.”

“मला ऐकू आलं न्हाय. तितं हापिसात पंखा असतोय. मोठ्यानं म्हना.”

“कापू नका!”

“आजून.”

“कापू नका!” त्र्यंबक ओरडला. इतक्या मोठ्यानं तो जन्मात ओरडला नव्हता. म्हशीनं पाण्यातून तोंड वर काढलं. शेजारच्या दारात दोन बायका येऊन उभ्या राहिल्या. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते रागाचं होतं.

“ह्ये त्या दिवशी पायजे हुतं,” बायडाबाई म्हणाली आणि पट्टी घेऊन आत गेली. बस म्हणाली नाही.

ग्रंथालयात ती पुन्हा गेली नाही. त्र्यंबकला नगरपालिकेच्या जकात नाक्यावर काम मिळालं. तिथं कापायला सांगणारं कुणी नव्हतं, त्यामुळं तिनं शिकवलेलं उपयोगी पडलं की नाही, कळायला मार्ग नाही. आपल्या घरी एका वहीत त्यानं स्वतःपुरती सहाशे बाराची नोंद लिहायला घेतली. शिकेकाई लेबल, शिळाछाप, एकरंगी. कडेला मुलगी, चिंच खाताना. चित्रकार आण्णा चितारी. आणि मुलीचं नाव? तिथं पेन थांबलं. चार वर्षं दर रविवारी ती बाई समोर बसून लेकीला बघत होती आणि त्यानं नाव विचारलं नव्हतं.

सत्तावन्नच्या उन्हाळ्यात ती त्याला लक्ष्मीपुरीत दिसली. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात फ्ल्यूच्या साथीत ती गेली, हे त्याला वर्षभरानं, नाक्यावरून जाणाऱ्या उचगावच्या एका गाडीवानाकडून कळलं. त्या दिवशी त्याला हे ठाऊक नव्हतं. तो एका भाजीवाल्यासमोर वांगी निवडत होता. ती डोक्यावर पाटी घेऊन समोर येऊन थांबली. थोडी वाळली होती. आता मुलीचं नाव विचारायचं, असं त्यानं ठरवलं. शब्दही जुळवले.

“ती नगा घिऊ तिंबकराव,” ती म्हणाली. “बिया झाल्यात त्यात. पल्याडच्या म्हातारीकडं काटेरी हाईत, ती बघा.”

“बरं,” तो म्हणाला.

“आं?”

“बरं म्हटलं.”

“आता ऐकू आलं. जावा, संपतील.”